युद्धात समुद्रावर हरवलेले व्यापारी खलाशी

व्यापारी खलाशी म्हणजे कोण

मालवाहू अथवा प्रवासी जहाजावर ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणारा नागरिक म्हणजे व्यापारी खलाशी. तो नौदलाचा सैनिक नसतो. शांततेच्या काळात हा भेद साधा वाटतो. युद्ध सुरू होताच तो पुसट होतो, कारण तेच जहाज आता गहू आणि चहाबरोबर पोलाद, इंधन आणि दारूगोळाही वाहू लागते. शत्रूच्या दृष्टीने जहाज हेच लक्ष्य असते. त्यावरील माणूस नागरिक आहे की सैनिक, याने टॉर्पेडोला काही फरक पडत नाही. त्याच्या मृत्यूनंतर मात्र हाच फरक सर्वांत मोठा ठरतो. निवृत्तिवेतन कोणी द्यायचे, नाव कोणत्या यादीत जायचे, स्मारक कोठे उभारायचे, हे सारे प्रश्न या अर्धवट स्थानातून निर्माण होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० भारतीय खलाशी होते, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या जवळपास एक चतुर्थांश. त्यांपैकी सुमारे ६,६०० जण त्या युद्धात मरण पावले, तर हजाराहून अधिक जण युद्धकैदी झाले. पहिल्या महायुद्धातील मृतांचा आकडा साधारण ३,४०० सांगितला जातो.

माणसे कोठून येत

मुंबई बंदरात होणाऱ्या भरतीला एक पक्की सामाजिक घडण होती. डेकवरची माणसे प्रामुख्याने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खारवी. बॉयलरपाशी कोळसा लोटणारे आगवाले बहुधा पंजाब आणि सरहद्द प्रांताकडचे. स्वयंपाकघर, भोजनकक्ष आणि प्रवाशांच्या केबिनी गोव्याच्या ख्रिस्ती कारभाऱ्यांकडे. डेकवरच्या टोळीचा प्रमुख सारंग; त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसब, भंडारी, टोपस अशी उतरंड. माणसे निवडण्यात सारंगाचा शब्द मोठा असे आणि तो साहजिकच आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे घेई. शांततेत ही पद्धत सोयीची होती, कारण परक्या समुद्रावर भाषा, जेवण आणि विश्वास यांची अडचण येत नसे. युद्धात तिचा दुसरा परिणाम दिसला: एक जहाज बुडाले की एकाच वाडीतील भाऊ, चुलते, मेहुणे एकाच रात्री जाण्याची शक्यता निर्माण झाली. कोकणातील गावांवर युद्धाचा आघात असा गुच्छागुच्छाने झाला. एकूण आकड्यांत तो कधीच दिसत नाही.

गोव्याच्या खलाशांची स्थिती आणखी गुंतागुंतीची होती. ते पोर्तुगीज प्रजाजन, आणि पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ. तरीही ते ब्रिटिश जहाजांवर काम करीत, मुंबईत धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावाच्या कुडांमध्ये राहत आणि तेथूनच पुढच्या जहाजाची वाट पाहत. गावाच्या नावाने चालणारा हा कूड म्हणजे त्यांचा मुंबईतला पत्ता, पेढी आणि प्रार्थनास्थळ एकत्र. युद्ध मात्र तटस्थ गोव्यातही पोहोचले. मुरगाव बंदरात आश्रय घेतलेल्या जर्मन व्यापारी जहाजांपैकी ‘एरेनफेल्स’वरून पाणबुड्यांना माहिती दिली जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या एका स्वयंसेवी तुकडीने त्या जहाजावर छापा घातला. त्यात मेलेले जर्मनही व्यापारी खलाशीच होते.

माल मात्र आतल्या प्रदेशाचा

छत्रपती संभाजीनगरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहराचा या विषयाशी संबंध मालाच्या मार्गाने येतो. प्राचीन काळी पैठणचा माल भडोच बंदराकडे जात असे आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात हा रस्ता वीस दिवसांचा सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून औरंगाबादमार्गे (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमार्गे) मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. त्या मार्गाने मराठवाड्याचा कापूस मनमाडला ब्रॉडगेजवर चढून मुंबईच्या गोद्यांत पोहोचू लागला. शेत आतल्या भागात, गोदी मुंबईत, खलाशी कोकणातला आणि जहाजाची मालकी बहुतेक वेळा ब्रिटिश कंपनीची, अशी ही साखळी होती. कापसाच्या गाठीचा विमा असे. ती बुडाली तर तिची किंमत भरून निघे. माणसाच्या मोबदल्याचा हिशेब इतका सरळ नव्हता.

करारपत्र आणि वेतन

जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी खलाशी बंदरातील शिपिंग मास्टर या अधिकाऱ्यासमोर करारपत्रावर सही करी किंवा अंगठा उठवी. त्यात हुद्दा, वेतन, गाव आणि वारसाची नोंद असे. भारतीय खलाशांसाठी वेगळा करार होता. त्यात वेतन कमी, राहण्याची जागा कमी आणि शिधाही वेगळा. ब्रिटिश खलाशाच्या तुलनेत भारतीयाचे वेतन एक चतुर्थांशाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असे. धोका मात्र समान होता. १९३९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ब्रिटनमधील आणि इतर बंदरांतील भारतीय खलाशांनी याच मुद्द्यावर काम थांबवले. अनेकांना तुरुंगात जावे लागले, पण वेतनवाढ आणि युद्धभत्ता मिळाला. या संपाची नोंद भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात जितकी ठळक असायला हवी तितकी ती नाही.

जुन्या सागरी प्रथेनुसार जहाज बुडताच करार संपत असे आणि करार संपला की वेतनही. तराफ्यावर जीव मुठीत धरून काढलेले दिवस अशा रीतीने बिनपगारी ठरत. ब्रिटिश खलाशांच्या बाबतीत ही प्रथा मे १९४१ च्या आदेशाने मोडीत निघाली, म्हणजे युद्धाला जवळपास दोन वर्षे होत आली तेव्हा.

जहाज कसे बुडते

युद्धकाळात व्यापारी जहाज बुडण्याची मुख्य कारणे चार: पाणबुडीचा टॉर्पेडो, विमानातून झालेला हल्ला, पाण्यात पेरलेला सुरुंग आणि पृष्ठभागावर फिरणारी शत्रूची युद्धनौका. टॉर्पेडो जहाजाच्या मध्यभागी लागला तर स्फोट यंत्रकक्षात किंवा बॉयलरपाशी होतो. तो भाग पाण्याच्या पातळीखाली असतो, त्यामुळे पाणी आणि तापलेली वाफ एकाच वेळी आत घुसतात. त्या पाळीवरच्या आगवाल्यांना शिडीपर्यंत पोहोचण्याइतकाही अवधी मिळत नसे. बाकीच्यांना किती वेळ मिळणार, हे मालावर अवलंबून असे. लाकूड भरलेले जहाज बराच काळ तरंगते; लोहखनिजाने भरलेले जहाज एखाद्या मिनिटातही तळाशी जाऊ शकते. रेडिओ यंत्र शाबूत असेल तर पाणबुडीच्या हल्ल्यासाठी ‘एसएसएस’ आणि युद्धनौकेच्या हल्ल्यासाठी ‘आरआरआर’ असा संकेत पाठवला जाई. संकेत गेला नाही तर ते जहाज कोठे आणि केव्हा गेले, हे किनाऱ्यावर कोणालाच कळत नसे.

संरक्षणासाठी जहाजांचे तांडे करून त्यांच्याभोवती युद्धनौका ठेवत. या पद्धतीलाही मर्यादा होती: तांडा सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने चालतो आणि एखादे जहाज मागे पडले तर त्याच्यासाठी थांबत नाही.

मुंबईच्या दारातील युद्ध

समुद्रावरचे युद्ध दूर अटलांटिकमध्येच झाले, हा समज बरोबर नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईच्या समोर सुरुंग पेरले. ते काम करून ‘वुल्फ’ निघून गेले, सुरुंग मात्र तसेच राहिले. चार महिन्यांनंतर, २३ जून १९१७ रोजी, ‘मंगोलिया’ हे पी अँड ओ कंपनीचे टपाली जहाज त्यांपैकी एकावर आदळून बुडाले. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुड्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ ही जहाजे बुडवली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटिश मक्तेदारीशी झगडून उभी केलेली ही भारतीय मालकीची कंपनी; तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, त्या तारखेला आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

पश्चिम भारताला सर्वांत जवळून लागलेला घाव ‘तिलावा’चा. ब्रिटिश इंडिया कंपनीचे हे प्रवासी जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाले. त्यावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोपची होते. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्सच्या ईशान्येला, जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडाले नाही. काही जण नौकांतून परत जहाजाकडे वळले असतानाच दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. वाचलेल्या ६७८ जणांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने दोन दिवसांनी उचलले आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून सोडले.

बुडाल्यानंतरचे दिवस

जहाजासोबत तत्काळ बुडालेल्यांइतकेच, काही प्रसंगी त्यांच्याहून अधिक खलाशी नंतर मेले: थंडीने, तहानेने, जखमांनी. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ बुडाले. ब्रिटनमधून कॅनडाला सुरक्षिततेसाठी पाठवलेली ९० मुले त्यावर होती. त्यांपैकी ७७ मेली. त्या मुलांची आठवण ब्रिटनने जपली, आणि ते योग्यच आहे. त्याच जहाजावरच्या भारतीय खलाशांपैकीही बहुतांश दगावले. उष्ण कटिबंधाला साजेसे सुती कपडे घातलेली ही माणसे गारठवणाऱ्या वाऱ्यात उघड्या नौकांत बसली होती. बारा क्रमांकाच्या नौकेत ४६ जण आठ दिवस तग धरून राहिले आणि त्यांत मोठा भाग भारतीय खलाशांचा होता, ही गोष्ट फार उशिरा लोकांसमोर आली.

‘गेरसोप्पा’ची हकीकत तांड्याची मर्यादा दाखवते. शरावतीच्या धबधब्यावरून नाव मिळालेले हे जहाज कलकत्त्याहून चहा, बिडाचे लोखंड आणि चांदी घेऊन निघाले. फ्रीटाऊनला ते तांड्यात सामील झाले. वादळी हवेत कोळसा पुरेना, म्हणून त्याने तांडा सोडून आयर्लंडची वाट धरली. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी एका जर्मन पाणबुडीने ते एकटे गाठले. निसटलेली एक नौका तेरा दिवसांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली, पण खडकांजवळ लाटेने उलटली. दुय्यम अधिकारी रिचर्ड एअर्स तेवढे वाचले. बाकी सर्व, म्हणजे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते.

याहून दारुण घटना हिंदी महासागरात घडली. ‘त्यिसालाक’ हे डच जहाज मार्च १९४४ मध्ये मेलबर्नहून कोलंबोकडे निघाले होते. त्यावर २२ भारतीय खलाशी प्रवासी म्हणून होते. त्यांचे आधीचे जहाज बुडाले होते आणि ते मायदेशी परतत होते. २६ मार्चला जपानी पाणबुडीने जहाज बुडवले, नौकांतल्या माणसांना पाणबुडीच्या डेकवर घेतले आणि त्यांची कत्तल केली. शंभराहून अधिक माणसांपैकी पाच जण जिवंत राहिले. त्यांत एक भारतीय खलाशी होता. एका बुडण्यातून वाचलेल्या उरलेल्या एकवीस जणांना दुसऱ्यातून सुटका मिळाली नाही.

‘बेपत्ता’पासून ‘मृत’पर्यंत

समुद्रात हरवलेल्याचा देह नसतो, साक्षीदार कित्येकदा नसतो, नेमकी तारीख आणि जागाही नसते. त्यामुळे मृत्यू कागदावर सिद्ध करावा लागतो. सर्वसाधारण नियम असा की, सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे हे कलम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. खलाशाच्या कुटुंबाला सात वर्षे थांबवून ठेवणे अन्यायाचे झाले असते. म्हणून १८९४ च्या ब्रिटिश सागरी कायद्याने वेगळी सोय केली: निघाल्यापासून बारा महिने जहाजाची काहीच वार्ता नसेल, तर ते सर्व माणसांसह बुडाले असे धरून थकीत वेतनाचा दावा चालवता येई.

या तरतुदीचा सारा भार एका साध्या गोष्टीवर होता. करारपत्राची एक प्रत जहाजावर जाई आणि दुसरी किनाऱ्यावरच्या कार्यालयात राही. जहाजावरची प्रत माणसांबरोबर बुडे. किनाऱ्यावरची प्रत, हा माणूस त्या जहाजावर होता याचा कायदेशीर पुरावा ठरे. तीत नाव चुकले, वडिलांचे नाव राहिले किंवा गावाऐवजी नुसतेच ‘मुंबई’ लिहिले गेले, तर त्या चुकीचा परिणाम थेट विधवेच्या हक्कावर होत असे. ऐन प्रवासात एखाद्या बंदरात जहाज बदललेल्या माणसाची नोंद सर्वांत कच्ची राही.

दगडावरची नावे आणि वहीतली नावे

लंडनच्या टॉवर हिलवर दोन्ही महायुद्धांतील व्यापारी खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही, अशांची पहिल्या महायुद्धातील सुमारे १२,००० आणि दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २४,००० नावे तेथे कोरली आहेत. भारतीय करारावरच्या खलाशांची नावे तेथे नाहीत. एकाच जहाजावर एकाच क्षणी मेलेल्या माणसांची नावे दोन खंडांत विभागली गेली: युरोपीय लंडनला, भारतीय मुंबईला आणि चितगावला. मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होम येथे पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक जणांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी ताफ्याचे सुमारे ६,००० जण तेथील स्मरणवहीत आहेत. तशीच वही चितगावला ठेवली आहे. कोलकात्यात नेपियर रोडवर ६ फेब्रुवारी १९२४ रोजी उघडलेले लॅस्कर (म्हणजे भारतीय खलाशी) स्मारक बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी आहे.

दगडात कोरलेले नाव येता-जाता कोणालाही दिसते. वहीतले नाव पाहण्यासाठी मुद्दाम जावे लागते. गेटवे ऑफ इंडिया पाहणाऱ्या गर्दीतील अगदी थोडेजण मशीद बंदरला पोहोचतात. मुंबईने आपल्या बंदरातून गेलेल्या माणसांना अधिक ठळक जागा द्यायला हवी होती.

नाव शोधताना

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची नावांची सूची आज संगणकावर खुली आहे. नाव, जहाज, मृत्यूची तारीख आणि स्मारक यांवरून तीत शोध घेता येतो; काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही सापडते. अडचण लिप्यंतराची. कारकुनाने ऐकलेले नाव इंग्रजीत उतरवले, त्यामुळे एकच इब्राहिम चार तऱ्हांनी लिहिला गेला आणि आडनाव बहुधा गाळलेच गेले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही कोकणातली रचना कारकुनाच्या तक्त्याच्या रकान्यांत बसत नसे. म्हणून नावापासून सुरुवात करण्यापेक्षा जहाज आणि तारखेपासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते. घरातील जुने प्रमाणपत्र, मनीऑर्डरची पावती किंवा कंपनीचे पत्र यांवर जहाजाचे नाव मिळाले, तर त्या जहाजावरच्या सर्व मृतांची यादी काढून तीत ओळखीचे गाव शोधता येते.

तळाशी गेलेली संपत्ती

‘गेरसोप्पा’ सुमारे ४,७०० मीटर खोलीवर सापडले. २०१२ आणि २०१३ मध्ये त्यातून शंभर टनांच्या आसपास चांदी वर काढण्यात आली. तिच्याबरोबर भारतातून पाठवलेली शेकडो पत्रे निघाली. चिखल आणि अंधार यांमुळे कागद टिकला होता. ‘तिलावा’तून २०१७ मध्ये चांदीच्या २,३६४ विटा काढल्या गेल्या. त्यांच्या मोबदल्याचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. या खटल्याच्या निमित्ताने ‘तिलावा’चे नाव जगभर पोहोचले. मुंबईतील आणि परदेशांतील वंशजांनी २०२२ मध्ये, ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा, मृतांसाठी स्मरणसभा घेतली होती. तिची बातमी चांदीच्या बातमीइतकी दूर गेली नाही.

आजचा धोका

जगाला खलाशी पुरवणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे, आणि व्यापारी जहाज पुन्हा लक्ष्य बनले आहे. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडले; त्यावर २२ भारतीय होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या पथकाने आग विझवायला मदत केली. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरील हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले आणि ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवले. १९३९ च्या संपकऱ्यांनी ज्यासाठी तुरुंगवास पत्करला, त्याची सुधारलेली आवृत्ती आता आंतरराष्ट्रीय करारात आहे: युद्धसदृश जाहीर झालेल्या क्षेत्रात मूळ वेतनाइतका जादा भत्ता, मृत्यू आणि अपंगत्वासाठी दुप्पट भरपाई आणि त्या क्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा अधिकार. ही तरतूद कामगार संघटना आणि जहाजमालक यांच्यातील करारात सामील असलेल्या जहाजांनाच बंधनकारक आहे. कराराबाहेरच्या, मालक सापडू नये अशा रीतीने नोंदवलेल्या जहाजांवर दलालामार्फत चढलेल्या तरुणाला ती लागू होत नाही, आणि किनाऱ्यावर त्याच्या करारपत्राची विश्वासार्ह प्रतही बहुधा राहत नाही.